हर्णैला एक दिवस: नवरा माळकरी, मी मासे खाणारी. दिवस कसा लावावा?

कृष्णाकाठची विचारते:

नमस्कार मंडळी.

मी मूळची चिपळूणची, लग्न होऊन कराडला आले. यंदा भाऊबीजेला खेडला भावाकडे जाणार आहोत. दुसरा दिवस आम्हा दोघांना पूर्ण मोकळा आहे आणि तो हर्णैला घालवायचा असं ठरलंय. भावाची मोटरसायकल नेणार. पहाटे निघू, रात्री जेवायला खेडला परत.

अडचण अशी की हे माळकरी आहेत. घरात मासळी शिजत नाही आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. वर्षातून दोनदा माहेरी गेले की मी मनसोक्त खाते, हे शेजारी बसून आमटी-भात जेवतात. पण हर्णैचा मासळीचा लिलाव मला बघायचाच आहे. लहानपणी बाबांबरोबर एकदा गेले होते, त्यातलं फक्त ओल्या वाळूत रुतलेलं गाडीचं चाक आठवतं. ह्यांना किल्ल्यांचं वेड. सुवर्णदुर्ग जागतिक वारशाच्या यादीत गेल्यापासून महिन्यातून एकदा तरी विषय निघतोच.

तर प्रश्न असे. लिलाव सकाळचा बघावा की संध्याकाळचा? किल्ल्यावर होडीनं जाणं एका दिवसात बसतं का? ह्यांना धड शाकाहारी जेवण कुठे मिळेल? आणि मासळीच्या वासात, गर्दीत ह्यांना उभं करणं बरं दिसेल का? तिथल्या लोकांना हा माणूस नाक मुरडायला आलाय असं वाटू नये, ही माझी खरी काळजी आहे.

घाटवाट लिहितो:

रस्त्याचं सांगतो, बाकी जाणकार सांगतील. खेड ते दापोली साधारण २८ किलोमीटर, वळणावळणाचा रस्ता, फुरूस-वाकवलीवरून. दापोलीपासून हर्णै १६-१७ किलोमीटर, वाटेत आसूद लागतं. मोटरसायकलवर सगळं मिळून पावणेदोन तास धरा. पहाटे धुकं असतं, स्वेटर घ्या. पेट्रोल दापोलीतच भरून घ्या.

पाजपंढरीची लेक लिहिते:

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न वाचून बरं वाटलं, म्हणून सविस्तर लिहिते. माझं माहेर हर्णैला लागून असलेली पाजपंढरी, आता राहते दापोलीत. आई हर्णैच्या बंदरावर मासळी घेऊन पहिल्या एसटीनं दापोलीच्या बाजारात यायची. पाटी एसटीच्या मागच्या बाजूला, आई तिच्या शेजारी उभी. त्यामुळे लिलाव माझ्यासाठी बघण्याची गोष्ट कधीच नव्हती. तिथे त्या दिवशी काय भाव फुटला त्यावर आमच्या घरी काय यायचं ते ठरायचं.

आधी दिवस लावू. हर्णैचा दिवस घड्याळावर लावू नका, पाण्यावर लावा. तुम्ही येणार भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी, म्हणजे तृतीयेला. आमच्याकडे हिशेब सोपा आहे: तिथीची पाऊणपट करायची, तितक्या वाजता पूर्ण भरती. तीनाची पाऊणपट सव्वादोन. म्हणजे दुपारी सव्वादोनच्या सुमाराला भरती, आणि त्याच्या सहा-सव्वासहा तास आधी, सकाळी आठच्या आसपास, पूर्ण ओहोटी. अमावास्या नुकतीच झालेली, म्हणजे पाण्याला अजून उधाणाचा जोर असणार. ओहोटीला पाणी खूप आत जाईल, भरतीला खूप वर येईल. (अष्टमीच्या आसपास भांग असतो, तेव्हा हा फरक कमी.) दहा-पंधरा मिनिटं इकडेतिकडे होतात, पण दिवस लावायला एवढं पुरतं.

यावरून सकाळचा लिलाव तुमच्यासाठी उत्तम. हर्णैला मोठ्या होड्या काठाला लागत नाहीत, आत नांगरून उभ्या राहतात. सुवर्णदुर्गाच्या बेटाचा आडोसा मिळतो म्हणून तर हे बंदर इथे वसलं. मासळी तिथून छोट्या होड्यांनी काठाकडे येते आणि पाणी मागे गेलेलं असलं की बैलगाड्या थेट पाण्यात घालतात. बैल पोटापर्यंत पाण्यात उभे, वरून टोपल्या गाडीत ओतल्या जातात, आणि मग गाडी चढणीला लागल्यासारखी वाळूतून वर येते. तुम्हाला आठवणारं चाक तेच असणार. संध्याकाळी चार-साडेचारनंतरही लिलाव असतो, आणि माल बरेचदा संध्याकाळीच जास्त असतो, हे खरं. पण तुमच्या दिवशी तेव्हा पाणी अजून बरंच वर असेल, वाळूची पट्टी अरुंद, आणि सुट्टीतल्या पर्यटकांची गर्दी. सकाळी सव्वासात-साडेसातला पोचा.

लिलाव कसा चालतो ते समजून घेतलंत तर तासभर कसा जाईल कळणार नाही. माल वाळूवर ढिगात किंवा टोपल्यांत मांडतात. कोलंबी वेगळी, म्हाकूल वेगळं, बांगडा वेगळा, सुरमई-हलवा मोठे असले तर नगावर. बोली लावणारा मोठ्यानं आकडा म्हणत वर चढत जातो, भोवती व्यापारी आणि आमच्या बाया. बायांकडे नीट लक्ष द्या. पुष्कळदा एखादी नुसती मान हलवते आणि माल तिचा होतो. ढीग पायानं जरा सारून खालचा माल बघणारी ती, बोटभर कोलंबी हातात घेऊन वजन जोखणारी ती, आणि नवरा समुद्रावर असताना घरचा सगळा पैसा हाताळणारीही तीच. एका ढिगाचा सौदा दोन मिनिटांत संपतो. त्या दोन मिनिटांत होडीच्या डिझेलचे, बर्फाचे, खलाशांच्या पगाराचे आणि जाळ्याच्या दुरुस्तीचे पैसे निघतात, किंवा निघत नाहीत. आठ दिवस पाण्यावर राहून आलेला तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, शेजारी गप्प उभा असतो. त्याच्या तोंडाकडे बघितलंत तर भाव कळतो.

म्हणून सांगते, फोटो काढायचे असतील तर जरूर काढा, पण बोली चालू असताना घोळक्यात घुसून नको. विचारलंत तर बाया नाही म्हणत नाहीत, उलट पदर सावरून उभ्या राहतात. गाडीच्या वाटेत थांबू नका, बैलाला वाळूत थांबवलं की पुन्हा ओढणं जड जातं. पायात रबरी चपला, पॅन्ट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. बूट घालून येणारी माणसं सगळा वेळ पाय वाचवण्यात घालवतात.

आता तुमच्या ह्यांचं. ताई, काळजी सोडा. कोळ्यांमध्येही माळकरी असतात. आमच्याच नात्यात एक आजोबा होते, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीला पंढरपूर, आणि उरलेलं वर्ष समुद्रावर. जाळं ओढायचे, मासळी विकायचे, खायचे नाहीत. त्यांना कुणी कधी विचारलं नाही. तुमच्या नवऱ्याच्या गळ्यात माळ दिसली तर बंदरावर एखादा माउली म्हणून हाकच मारेल. नाकाला रुमाल तेवढा लावू नये, एवढंच सांगून ठेवा. ताज्या मासळीला घाण वास येत नाही, समुद्राचा आणि डिझेलचा येतो. जिथे सुकवायला टाकलेली मासळी आहे तिथला वास उग्र असतो, तिकडे जायचं कारण नाही.

तटबंदी लिहितो:

वरचा प्रतिसाद उत्तम, पण किल्ल्याच्या बाबतीत भर घालतो, कारण प्रश्नकर्तीचे यजमान माझ्याच जातकुळीतले दिसतात.

सुवर्णदुर्ग एका दिवसात निवांत होतो. बंदरावरून होडी मिळते, पंधरा-वीस मिनिटांत बेटाला लागते. होडी ठरवताना जाण्या-येण्याचं आणि थांबण्याचं एकदमच बोलून घ्या. किमान दीड तास थांबायचं आहे हे आधी सांगा, नाहीतर नावाडी पाऊण तासात हाका मारायला लागतात. बेटावर धक्का नाही, उतरताना गुडघाभर पाण्यात पाय पडणार. वर सावली जवळपास नाही, पिण्याचं पाणी सोबत न्या.

महादरवाजा किनाऱ्याकडे तोंड करून आहे आणि बुरुजाच्या आड इतका लपलेला की होडी जवळ येईपर्यंत दिसत नाही. पायरीवर कासव कोरलंय, तटात मारुती आहे. तटाचा बराच भाग मूळ खडक तासून काढलेला आहे आणि त्यावर चिरे चढवलेत, ते बाहेरून होडीतून बघा, आतून कळत नाही. शिवरायांनी हा किल्ला आदिलशाहीकडून घेतला, पुढे आंग्र्यांच्या आरमाराचं हे मोठं ठाणं झालं. एप्रिल १७५५ मध्ये कमोडोर जेम्सच्या इंग्रजी जहाजांनी तोफा डागल्या, आतलं दारूकोठार उडालं आणि तुळाजी आंग्र्यांच्या हातून किल्ला गेला. यात पेशवे इंग्रजांच्या बाजूला होते. आपल्याच आरमाराचा पाय आपणच कापला, ही गोष्ट त्या तटावर उभं राहून आठवली की मला अजून त्रास होतो. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं ‘मराठा लष्करी भूप्रदेश’ म्हणून जे १२ किल्ले यादीत घेतले, त्यात हा आहे. तेव्हा तिथे प्लास्टिकची बाटली टाकणाऱ्याला हटकायचा हक्क तुम्हालाही आहे, बजावा.

किनाऱ्यावरचे तीन किल्लेही विसरू नका: कनकदुर्ग, फत्तेगड आणि गोवा किल्ला. फत्तेगडावर आता पूर्ण वस्ती आहे. कनकदुर्गावर दीपगृह आहे आणि तिथून बंदर, होड्या आणि सुवर्णदुर्ग एका नजरेत येतात. माझ्या मते दिवसाची सुरुवात कनकदुर्गावरून करावी, लिलाव नंतर.

पाजपंढरीची लेक लिहिते:

तटबंदी, इतिहास तुम्ही छान सांगितलात, पण सुरुवात कनकदुर्गावरून नको. पाणी आठनंतर भरायला लागेल, बैलगाड्यांचा वेळ निघून जाईल. किल्ला शेकडो वर्षं तिथेच आहे, तो थांबेल. लिलाव आधी, साडेनऊपर्यंत. मग चहा, वडापाव. दहाच्या पुढे पाणी चढायला लागलं की होडी काठाजवळ येते, चढणं-उतरणं सोपं जातं, तेव्हा सुवर्णदुर्ग. एकच्या आत परत. दुपारच्या उन्हात त्या बेटावर थांबू नका, काळा खडक तापतो. कनकदुर्ग जेवून आल्यावर, ऊन उतरल्यावर.

जेवणाचं. हर्णैतल्या खाणावळीत तुम्हाला मासे चांगले मिळतील. पण ह्यांना बाजूला ठेवलेली डाळ आणि बटाट्याची भाजी मिळेल, त्याला जेवण म्हणत नाहीत. त्यापेक्षा दोघं मुरूडला जा, चार-पाच किलोमीटरवर. महर्षी कर्वे लहानाचे मोठे झाले ते गाव. तिथे घरगुती जेवण देणारी बरीच घरं आहेत, सकाळीच फोन करून सांगावं लागतं, आयत्या वेळी गेलं तर मिळत नाही. वालाची उसळ, कुळथाचं पिठलं, तांदळाची भाकरी, सोलकढी आणि सांगितलं असेल तर उकडीचे मोदक. मुरूडला मासे देणाऱ्या खाणावळीही आहेत. तुम्ही तिकडे जेवा आणि ह्यांना घरगुतीत बसवा, असं मी म्हणणार नाही, दोघांनी एकत्र जेवायचं की नाही ते तुम्ही ठरवा. पण एक सुचवते: सकाळी लिलावानंतर बंदराजवळच तुम्ही तळलेले बांगडे किंवा म्हाकूल-भाकरी खाऊन घ्या. दुपारी दोघांनी मिळून शाकाहारी जेवा. असं केलं तर कुणालाच कुणासाठी थांबावं लागत नाही.

मुरूडच्या वाड्यांतून चालताना एक सांगावंसं वाटतं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात इथल्या पोफळी आणि माड अक्षरशः आडवे झाले. लावलेली रोपं आता कुठे डोक्याच्या वर गेलीत. पोफळ उत्पन्नावर यायला वर्षं लागतात. तुम्हाला बाग विरळ वाटली तर कारण हे आहे. कुणाच्या अंगणात सुपारी, कोकम, आमसूल विकायला असेल तर तिथूनच घ्या.

कृष्णाकाठची लिहिते:

तुम्हा सगळ्यांचे आभार कसे मानू कळत नाही. ह्यांना सगळं वाचून दाखवलं. ‘माउली म्हणून हाक मारतील’ यावर ते थोडा वेळ काही बोललेच नाहीत, मग म्हणाले, तिथल्या एखाद्या माळकऱ्याला भेटता आलं तर किल्ला राहिला तरी चालेल. तटबंदी, माफ करा.

अजून दोन शंका. दिवाळीत होड्या बाहेर जातात का? आणि भावासाठी मासळी न्यायची आहे. मोटरसायकलवर खेडपर्यंत टिकेल का, आणि घ्यायची कुणाकडून? लिलावातला एवढा मोठा ढीग काही आम्हाला नको.

अंजनवेल लिहितो:

अंजर्ल्याचं कुणी लिहिलं नाही. जोग नदीवर पूल झालाय, हर्णैहून अंजर्ले आता लांब नाही. कड्यावरच्या गणपतीला जाऊन या, उजव्या सोंडेची मूर्ती आहे आणि वरून सुवर्णदुर्ग दिसतो. माळकरी मंडळींना आवडेल. कासवं मात्र आता दिसणार नाहीत, पिल्लं समुद्रात सोडतात ती साधारण फेब्रुवारी ते एप्रिल-मे. त्यासाठी वेगळं या.

पाजपंढरीची लेक लिहिते:

अंजर्ले करायचं असेल तर कनकदुर्ग सोडावा लागेल. दोन्ही बसवू नका, संध्याकाळी सहानंतर अंधार पडतो आणि दापोली-खेड रस्त्याला मोटरसायकलवर अंधारात उगीच घाई होते. मी गणपतीच्या बाजूने आहे, पण निर्णय घरात करा.

दिवाळीचं: १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेला नारळ दिला की खरा हंगाम. दिवाळी म्हणजे भर हंगाम. पण लक्ष्मीपूजन-पाडव्याला पुष्कळ होड्या घरी असतात, त्यामुळे भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी माल थोडा कमीही असू शकतो. वारा फिरला, वादळाचा इशारा आला तरीही होड्या आत राहतात. दापोलीत चहाला थांबाल तेव्हा हर्णैच्या वाटेनं पाट्या घेऊन येणाऱ्या बायांना विचारा, त्या बरोबर सांगतील. माल कमी असला म्हणून परत फिरू नका. कमी मालाच्या दिवशी बोली जास्त चढते, बघण्यासारखी असते.

मासळी कुणाकडून: लिलावाच्या मागच्या बाजूला बाया पाट्या घेऊन बसतात. त्या लिलावात घेऊन तिथेच किरकोळ विकतात. त्यांच्याकडून घ्या. भाव करा, तो त्यांनाही अपेक्षित असतो, पण निम्म्यावर आणू नका. ती बाई पहाटे चारला उठून उधारीवर माल उचलून बसलेली असते, आणि विकला गेला नाही तर तोटा तिचा. अलीकडे पर्ससीनच्या (म्हणजे मोठ्या जाळ्यानं घेरून अख्खा थवा उचलणाऱ्या) मोठ्या होड्या आणि रात्री दिवे लावून केलेली मासेमारी, यांनी लहान होडीवाल्यांच्या वाट्याला उरतंय किती, हा प्रश्न प्रत्येक घरात आहे. आमच्या लहानपणी पापलेटाची पाटी बघून कुणी थबकत नसे. आता पापलेट निघालं की चार माणसं बघायला येतात. तेव्हा दहा-वीस रुपयांसाठी अडून राहू नका, एवढी विनंती.

घेताना कल्ले उघडून बघा, लालभडक हवेत. डोळा फुगीर आणि स्वच्छ, आत गेलेला नको. बोटानं दाबल्यावर खड्डा राहिला तर सोडून द्या. कोलंबीचं डोकं सैल झालं असेल तर ती कालची.

सकाळी घेऊन दिवसभर फिरवू नका. मासळी संध्याकाळी निघताना घ्या. अंजर्ल्याहून परतताना हर्णैवरूनच यायचं आहे, तेव्हा साडेचार-पाचला संध्याकाळचा लिलाव लागलेला असतो, माल नुकताच आलेला. बंदरावर बर्फ मिळतो. भावाकडून थर्माकोलची छोटी पेटी आणा, मोटरसायकलच्या मागे दोरीनं बांधता येते. तळाला बर्फ, मग मासळी, वर पुन्हा बर्फ. साफ करून घेणार असाल तर पोट काढून घ्या, पण तुकडे खेडला जाऊन करा, बर्फाच्या पाण्यात कापलेले तुकडे पांढरे पडतात आणि चव उतरते. खेडपर्यंतच्या दोन तासांत काही होत नाही. बांगडा आणि कोलंबी न्या. सुरमई मोठी असली तर भावाला फोन करून विचारा, घरात माणसं किती आहेत त्यावर.

कराडला न्यायचं असेल तर ओली मासळी नको. सोडे, म्हणजे सोलून सुकवलेली कोलंबी, घ्या. कडक सुकलेले, गुलाबी, हातात घेतल्यावर चिकटता कामा नयेत. फार लालभडक दिसले तर रंग आहे का म्हणून ओला कागद लावून बघा. तुमच्या घरी शिजत नाही हे लक्षात आहे, म्हणून हवाबंद डब्यात भरून माहेरी चिपळूणला ठेवा, पुढच्या वेळी वांग्यात घालून करा.

आणि त्या माळकऱ्यांचं. आमचे आजोबा आता नाहीत, पण पाजपंढरीत भजनाला बसणारी मंडळी आहेत. बंदरावर कुणालाही ‘भजनात कोण बसतं’ असं विचारा, घर दाखवतील. तुम्ही दोघं दुपारी तिकडे वळलात तर चहा घेतल्याशिवाय सोडणार नाहीत, म्हणून अंजर्ल्याला निघायच्या वेळेत अर्धा तास जास्त धरा.